शब्दांपलीकडचा अर्थ : प्रतिमा आणि अलंकारिक भाषा

प्रस्तावना

'पोटात कावळे ओरडत आहेत' असे कोणी म्हटले, तर ऐकणारा कावळे शोधत नाही. बोलणाऱ्याला भूक लागली आहे, हे त्याला लगेच कळते. शब्दांच्या सरळ अर्थाला वाच्यार्थ म्हणतात. तो बाजूला ठेवून सुचवलेला अर्थ ओळखण्याची सवय प्रत्येकाला रोजच्या बोलण्यातून लागलेली असते. साहित्य वाचताना तिचाच अधिक जाणीवपूर्वक उपयोग करावयाचा असतो. बहिणाबाई चौधरी यांच्या कवितेच्या आधारे हे समजून घेता येईल.

कवयित्रीचा परिचय

बहिणाबाईंचा (१८८०–१९५१) जन्म जळगावजवळच्या असोदे या गावी शेतकरी कुटुंबात झाला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात राबताना, जात्यावर दळताना त्यांना गाणी सुचत. पुत्र सोपानदेव व नातलगांनी त्यांपैकी काही उतरवून घेतली. त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' हा संग्रह प्रसिद्ध झाला.

प्रतिमा

शब्दांतून मनासमोर उभ्या राहणाऱ्या, डोळे, कान, त्वचा आदी इंद्रियांना जाणवणाऱ्या चित्रास प्रतिमा म्हणतात. मन दिसत नाही, त्याला हातही लावता येत नाही. बहिणाबाई त्याला उभ्या पिकात शिरणारे ओढाळ गुरू म्हणतात. कितीही हाकलले तरी ते पुन्हा पिकाकडे वळते. 'मन चंचल असते' या विधानातून केवळ माहिती मिळते. गुराच्या प्रतिमेतून मात्र राखण करणाऱ्याची दमछाक आणि पिकाच्या नासाडीची भीतीही जाणवते. हा अनुभव साध्या विधानात मावत नाही, म्हणूनच कवीला प्रतिमेची गरज भासते.

त्याच कवितेत मन पाखरूही होते आणि खसखशीच्या दाण्याएवढे लहानही होते. प्रत्येक प्रतिमा मनाचा वेगळा पैलू दाखवते. त्यामुळे त्या परस्परांना खोडून काढत नाहीत.

उपमा आणि रूपक

ज्याचे वर्णन करावयाचे ते उपमेय आणि ज्याच्याशी तुलना केली जाते ते उपमान. 'जसा', 'सारखा', 'प्रमाणे' अशा शब्दांनी दोहोंतील साम्य दाखवल्यास उपमा अलंकार होतो. बहिणाबाईंनी संसाराची तुलना चुलीवरच्या तव्याशी केली आहे. तेथे 'जसा' हा शब्द असल्याने ती उपमा होय. भाकरी मिळण्याआधी हाताला चटके बसतात, हे त्यातील साम्य आहे.

उपमेय व उपमान एकरूप मानल्यास रूपक होते. मनाला थेट गुरू म्हटले आहे, तेथे तुलनावाचक शब्द नाही. म्हणून ते रूपक आहे.

अर्थ कसा शोधावा?

वाचताना तीन प्रश्न उपयोगी पडतात : वर्णन कशाचे आहे? त्यासाठी कोणते चित्र योजले आहे? दोहोंत समान काय आहे? गुराला शिंगे असतात, पण ओढाळ मनाच्या वर्णनात त्यांचा संबंध नाही. उपमानाचा प्रत्येक गुण उपमेयाला लावू नये. कवितेच्या संदर्भात जुळणारा गुणच घ्यावा.

बहिणाबाईंच्या प्रतिमा चूल, जाते, शेत आणि गुरे यांतून आल्या आहेत. अक्षरओळख नसतानाही त्यांनी आपल्या कामाच्या जगाकडे बारकाईने पाहिले होते. शिंप्याची सुई, गवंड्याचा ओळंबा किंवा कोळ्याचे जाळे यांतूनही अशीच प्रतिमा निर्माण होऊ शकते.

पाठगत प्रश्न

१. वाच्यार्थ म्हणजे काय? एक उदाहरण द्या.
२. 'तिचा शब्द म्हणजे तापलेली सळई' या वाक्यातील उपमेय, उपमान व अलंकार ओळखा.
३. त्याच वाक्याचे उपमा अलंकारात रूपांतर करा.
४. स्वतःच्या कामातील एखाद्या वस्तूची प्रतिमा योजून 'काळजी' या भावनेचे दोन वाक्यांत वर्णन करा.