फार्मसी रेसिडेन्सी: अर्जाच्या आधीची दोन वर्षं

डॉक्टरांची रेसिडेन्सी म्हणजे काय, हे आता घरोघरी माहीत आहे. पण मुलगी फार्म.डी.च्या पाचव्या वर्षाला असताना ‘मला अमेरिकेत फार्मसी रेसिडेन्सी करायचीय’ म्हणाली, की आईवडील गोंधळतात. सहा वर्षं शिकून झाल्यावर पुन्हा शिक्षण कसलं? आणि तेही नोकरीपेक्षा कमी पैशांत?

प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत फार्मासिस्टचा परवाना मिळवायला रेसिडेन्सी सक्तीची नाही. नॅप्लेक्स ही परीक्षा आणि त्या-त्या राज्याच्या अटी पूर्ण केल्या, की औषधांच्या दुकानात सरळ नोकरी करता येते. रेसिडेन्सी लागते ती रुग्णालयात, डॉक्टरांच्या बरोबरीने वॉर्डात काम करायचं असेल तर. पहिलं वर्ष, ज्याला पीजीवाय-१ म्हणतात, सर्वांगीण सरावाचं. त्यानंतर ज्याला कर्करोग, अतिदक्षता किंवा अवयव प्रत्यारोपण अशा एखाद्या शाखेत मुरायचं असेल, त्याने पीजीवाय-२ करायचं. या कार्यक्रमांना एएसएचपी ही रुग्णालयीन फार्मासिस्टांची संघटना मान्यता देते. विद्यावेतन मिळतं, पण ते फार्मासिस्टच्या पगारापुढे बरंच तोकडं. कामाची मर्यादा चार आठवड्यांच्या सरासरीने आठवड्याला ८० तास. म्हणजे वर्ष ऐषारामाचं नाही, हे घरात सगळ्यांनीच आधी समजून घ्यावं.

आपल्याकडे फार्म.डी. २००८ साली सुरू झाली, आणि तिच्या नियमावलीत सहावं वर्ष ‘इंटर्नशिप किंवा रेसिडेन्सी ट्रेनिंग’ असंच लिहिलेलं आहे: सहा महिने जनरल मेडिसिन, आणि इतर तीन विशेष विभागांत दोन-दोन महिने. माझ्या मते खरी तयारी इथेच होते आणि इथेच वाया जाते. सकाळी सही करून वाचनालय गाठायचं आणि परदेशी परीक्षांचे प्रश्नसंच सोडवत बसायचं, असं करणारी मुलं थोडी नाहीत. मुलाखतीत मात्र विचारलं जातं ते वॉर्डातलं.

एक साधं उदाहरण घ्या. सत्तर वर्षांच्या आजी, वजन ४५ किलो, न्यूमोनियासाठी लिव्होफ्लॉक्सासिन ७५० मिलिग्रॅम रोज सुरू. रिपोर्टमध्ये क्रिएटिनीन १.०, समोर कुठलीही खूण नाही, म्हणजे सगळं ठीक. पण कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्रात वय आणि वजन घातलं, की मूत्रपिंडाची क्षमता मिनिटाला जेमतेम ३७ मिलिलिटर निघते. या क्षमतेला तोच डोस ४८ तासांनी द्यायचा असतो. हे गणित कोणीही करेल. ते राउंडच्या आधी करून ठेवणं, ‘सर, डोसमधलं अंतर वाढवूया का?’ असं दोन वाक्यांत सांगणं, डॉक्टर नको म्हणाले तर कारण समजून घेणं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच खाटेपाशी जाऊन पाहणं, याला वर्षभराचा सराव लागतो. अशा केसेसची रुग्णाचं नाव न घालता एक वही ठेवा. सीव्हीत ‘क्लिनिकल राउंड्समध्ये सहभाग’ असं मोघम लिहिणाऱ्यापेक्षा ही वही असलेला उमेदवार मुलाखतीत कितीतरी जास्त बोलू शकतो.

शिफारसपत्रांचंही तसंच. साधारणपणे तीन लागतात. विभागप्रमुखांच्या लेटरहेडवरचं ‘विद्यार्थिनी हुशार, मेहनती व मनमिळाऊ आहे’ हे पत्र कुणाच्याच कामाचं नाही. लग्नाच्या बायोडेटात शोभेल फार तर. ज्यांनी तुम्हाला रुग्णासमोर चुकताना आणि सुधारताना पाहिलंय, त्यांचं पत्र हवं.

आता वेळापत्रक. अर्ज फोरकॅस या ऑनलाइन प्रणालीतून नोव्हेंबरपासून भरता येतात. डिसेंबरात एएसएचपीचं मोठं अधिवेशन भरतं, तिथे रुग्णालयांचे प्रतिनिधी भेटतात. बहुतेक कार्यक्रमांची मुदत डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या सुरुवातीला संपते, जानेवारी-फेब्रुवारीत मुलाखती होतात, आणि मार्चमध्ये मॅचचा निकाल लागतो. उमेदवार आणि रुग्णालयं आपापली पसंतीक्रमाची यादी देतात. जुळणी संगणक करतो आणि ती बंधनकारक असते. म्हणून जिथे जायचंच नाही, ते नाव यादीत घालू नका, आणि ‘आपल्याला कुठे मिळणार’ म्हणून आवडीचं रुग्णालय खाली ढकलू नका. पहिल्या फेरीत जमलं नाही तर उरलेल्या जागांसाठी दुसरी फेरी असते. तीही हुकली, तर वर्षभर रुग्णालयात काम करून पुन्हा अर्ज करता येतो.

पालकांनी काय करायचं? जानेवारी-फेब्रुवारीत घरात लग्नाची तारीख धरू नका, ही पहिली विनंती. रोज ‘लागलं का काही?’ विचारू नका. त्याऐवजी संध्याकाळी अर्धा तास समोर बसा आणि तिला एक केस समजावून सांगायला लावा. तुम्हाला वैद्यकशास्त्र कळत नाही, हेच उपयोगाचं आहे. तुम्हाला समजेल इतकं सोपं तिला सांगता आलं, तर रुग्णालाही सांगता येईल.

भारतीय पदवीवाल्यांचं घोडं पेंड खातं ते कागदपत्रांत. अमेरिकेबाहेरच्या पदवीधराला रेसिडेन्सीच्या अर्जासाठी एनएबीपी या तिथल्या फार्मसी मंडळांच्या संघटनेचं एफपीजीईसी प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी पदवीची छाननी, टोफेल आणि एफपीजीईई परीक्षा. २००३ पासूनच्या पदवीधरांना किमान पाच वर्षांचा फार्मसी अभ्यासक्रम हवा, त्यामुळे आपली चार वर्षांची बी.फार्म. तिथे कमी पडते. सहा वर्षांची फार्म.डी. या अटीत बसते. शिवाय अनेक रुग्णालयं परदेशी उमेदवाराचा व्हिसा प्रायोजित करत नाहीत, आणि हे बऱ्याचदा त्यांच्या संकेतस्थळावर स्पष्ट लिहिलेलं असतं.

तेव्हा शैक्षणिक कर्जाच्या कागदांवर सही करण्याआधी मुलीला शेजारी बसवून तिच्या यादीतल्या प्रत्येक रुग्णालयाची व्हिसाची अट वाचून काढा, आणि संदिग्ध वाटली तिथे ईमेल पाठवून लेखी उत्तर मागवा.