फलकावर नाव नसलेला शिपाई

प्रश्न : आमच्या घरात पिढ्यानपिढ्या सांगतात, की आमचे एक पूर्वज कंपनी सरकारच्या पलटणीत शिपाई होते आणि सत्तावनच्या गडबडीत काळ्या पाण्यावर गेले. गेल्या दिवाळीत अंदमानला गेलो, तेव्हा सेल्युलर जेलमधले फलक एकूण एक वाचून काढले. नाव कुठेच नाही. मग घरची गोष्ट थापच मानायची का? आणि अशा माणसाचा माग काढता येतो का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : इतक्या लवकर पूर्वजांवर अविश्वास दाखवू नका. गोष्ट खरी असली, तरी त्या फलकांवर नाव सापडणारच नव्हते. सेल्युलर जेल १८५७ साली नव्हतेच. त्याचे बांधकाम १८९६ साली सुरू झाले आणि १९०६ साली पुरे झाले. सावरकर तिथे पोहोचले १९११ साली. तिथले फलक प्रामुख्याने विसाव्या शतकातल्या राजबंद्यांचे आहेत. आपल्याकडे ‘काळे पाणी’ म्हटले की कोठडी, कोलू आणि काथ्या डोळ्यांपुढे येतो, हा सावरकरांच्या लेखणीचा प्रभाव. तुमच्या शिपायाची कथा मात्र त्या जेलच्या बांधकामाच्या जवळजवळ चाळीस वर्षे आधीची.

मग १८५८ साली तिथे काय होते? जंगल. आग्र्याच्या तुरुंगाचा अधीक्षक असलेला डॉ. जेम्स पॅटिसन वॉकर हा १० मार्च १८५८ रोजी २०० कैदी घेऊन पोर्ट ब्लेअरच्या बंदरात उतरला. आधी चॅथम बेटावर आणि मग रॉस बेटावर कैद्यांनी झाडे तोडली आणि स्वतःच्या राहण्याच्या झोपड्या स्वतःच उभारल्या. कोठड्या नव्हत्या, कोटही नव्हता. भिंतीचे काम समुद्राकडे सोपवलेले होते.

दुसरा गैरसमज असा, की काळे पाणी म्हणजे अंदमानच. शिक्षेचे नाव ‘समुद्रपार हद्दपारी’. कुठला समुद्र ते सरकार ठरवी. अठराव्या शतकाच्या अखेरीस कैदी सुमात्रातल्या बेनकुलनला आणि पेनांगला जात. १८१५ पासून दोनएक दशके ते मॉरिशसला गेले, त्यांत मुंबई इलाख्यातलेही होते. १८३६ साली डार्विन मॉरिशसच्या पोर्ट लुईत उतरला, तेव्हा रस्त्यांवर राबणारे हे हिंदी कैदी त्याने पाहिले आणि त्यांच्या रुबाबदार चेहऱ्यांचे त्याला नवल वाटले. पुढे सिंगापूर, मलाक्का, मौलमेन ही ठिकाणे आली. सिंगापूरचे सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल आपल्याकडच्या कैद्यांच्या हातचे आहे. तेव्हा तुमच्या घरच्या गोष्टीतले ‘सत्तावन’ पाच-दहा वर्षे इकडेतिकडे झाले असेल, तर बेटही बदलेल.

आता माग निघतो का? निघतो, पण सगळ्यांचा सारखा नाही. ज्याचा माग फार चांगला लागतो असा एक शिपाई सांगतो, म्हणजे कागद कसे बोलतात ते कळेल.

बंगाल लष्कराच्या १४व्या नेटिव्ह इन्फन्ट्रीने ७ जुलै १८५७ रोजी झेलमला बंड केले. त्या पलटणीत दूधनाथ तिवारी नावाचा शिपाई होता. पलटण सोडून पळाल्याचा आणि बंडाचा आरोप शाबीत होऊन त्याला बेड्यांसह जन्माचे काळे पाणी झाले. कराचीहून ‘रोमन एम्परर’ या जहाजाने तो ६ एप्रिल १८५८ रोजी पोर्ट ब्लेअरला पोहोचला. तिथे त्याला नंबर मिळाला : २७६. सतराव्या दिवशी, २३ एप्रिलला, तो रॉस बेटावरून जवळजवळ नव्वद जणांबरोबर पळाला.

पळून जाणार कुठे? जंगल ओलांडले की दहा दिवसांच्या वाटेवर ब्रह्मदेश, आणि तिथला राजा चाकरीला ठेवील, असा कैद्यांचा समज होता. मध्ये समुद्र आहे हे बहुतेकांना ठाऊक नव्हते. त्याच सुमारास पळालेल्या आणि पकडून आणलेल्या ऐंशीहून अधिक कैद्यांना वॉकरने फाशी दिले, तेव्हा खुद्द सरकारलाही ते जास्त वाटले.

दूधनाथच्या टोळीवर जंगलात अंदमानी लोकांनी बाणांचा वर्षाव केला. बहुतेक मेले. हा जखमी होऊन पडला आणि का कोण जाणे, त्यांनी याला जिवंत ठेवले. डोके भादरून, अंगाला माती फासून तो त्यांच्यात राहिला. लीपा आणि जिगा या दोघींशी त्याचे लग्न लागले. एक वर्ष आणि चोवीस दिवस असे गेले. मग अंदमानी लोक मोठा जमाव करून वसाहतीवर चालून निघाले, तेव्हा हा त्यांच्यातून निसटला, वसाहतीच्या ॲबरडीन ठाण्यावर पोहोचला आणि हल्ल्याची आगाऊ बातमी दिली. तारीख १७ मे १८५९. (२३ एप्रिलपासून कॅलेंडर धरून मोजा, चोवीस दिवसांचा हिशेब बरोबर जुळतो. जुन्या कागदांत अशी बेरीज जुळली, की जरा धीर येतो.) वसाहत सावध झाली आणि अंदमानी लोक बंदुकांपुढे पडले. पोर्ट ब्लेअरला त्यांचे स्मारक आहे. दूधनाथला माफी मिळाली.

त्याला फितूर म्हणायचे की वाचवणारा, यावर आजही वाद घालता येतो. मला खुपते ते वेगळेच. निघाला तेव्हा लीपा गरोदर होती. हेही आपल्याला त्याच्याच जबानीतून कळते, आणि ती जबानी त्याने माफीकडे डोळा ठेवून साहेबापुढे दिलेली. लीपाची जबानी कोणी घेतली नाही.

पण आपला मुद्दा कागदाचा. दूधनाथबद्दल एवढे का कळते? तो पळाला म्हणून आणि परत येऊन उपयोगी पडला म्हणून. अंदमानी लोकांत वर्षभर राहून आलेला माणूस सरकारकडे दुसरा नव्हता. म्हणून सविस्तर जबानी झाली, ती वर गेली, आणि १८९९ साली पोर्टमन या अधिकाऱ्याच्या ग्रंथात छापलीही गेली. जो मुकाट्याने झाडे तोडत राहिला आणि एखाद्या पावसाळ्यात तापाने गेला, त्याच्या वाट्याला यादीतली एक ओळ. दूधनाथसुद्धा माफी मिळून सुटला, तसा कागदांतूनही सुटला. त्याच्या म्हातारपणाची नोंद ठेवण्याचे सरकारला कारणच उरले नव्हते.

तेव्हा तुम्ही ती एक ओळ शोधायची आहे. तिच्याकडे जाण्याची वाट अंदमानहून नव्हे, पलटणीतून सुरू होते. शिपाई असल्यामुळे त्याचा खटला बहुधा लष्करी कोर्टापुढे चालला असणार आणि कोर्टाचे कागद पलटणीच्या नंबरावर लागतात. तुम्ही कोल्हापूरचे, तर पहिला संशय २७व्या नेटिव्ह इन्फन्ट्रीवर घ्या. तिने ३१ जुलै १८५७च्या रात्री कोल्हापुरात बंड केले. ते मोडणाऱ्या ल ग्रँड जेकबने पुढे त्यावर पुस्तकही लिहिले. मुंबई सरकारचे दप्तर फोर्टात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, राज्य पुराभिलेखागारात आहे. हिंदुस्थान सरकारचे दप्तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात असून त्यातला बराच भाग ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतो.

यादी हाती आली की आडनाव शोधू नका. तिथे अनेकदा ते नसतेच. ‘रामजी बिन मालोजी’ अशी नोंद असते, म्हणून बापाचे नाव पाठ करून जा. ते इंग्रजी कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे लिहिलेले असते. एकच माणूस दोन कागदांत दोन तऱ्हांनी लिहिलेला दिसला, तर चकू नका. मुंबई लष्करात महार शिपायांची नोंद ‘परवारी’ अशी होई, हेही लक्षात असू द्या. नाव जिथे दगा देते तिथे वय, उंची, देवीचे व्रण, गोंदण या खुणा उपयोगी पडतात. कैदी पळाला तर ओळखावा म्हणून त्या टिपलेल्या असत. आपल्याला त्या उलट्या कामाला येतात.

आणि हे सगळे करण्याआधी घरातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसाशेजारी एकदा निवांत बसा. ‘अंदमान’ हा शब्द मात्र तुमच्या तोंडून निघू देऊ नका. छावणी कुठली होती, जहाज कुठून सुटले, बातमी कोणी आणली, एवढेच विचारा आणि ऐका. गोष्टीत अंदमान आधीपासून होते, की सावरकर वाचून झाल्यावर मागाहून आले, ते तिथेच कळेल.