नांदेड ते लातूर : किती लांब, किती वेळ?

नांदेडजवळच्या एका गावात आम्ही रात्रीचा वर्ग घेतो. एकदा भिंतीवर नकाशा टांगला होता. एका मावशींनी नांदेडवर एक बोट ठेवले, लातूरवर दुसरे. म्हणाल्या, "गुरुजी, हे तर वीतभर बी नाही. मग यष्टीला एवढा येळ कामून लागतो?"

मावशींची मुलगी लातूरला दिली आहे. मागल्या महिन्यात तिथल्या दवाखान्यात नातीला ११ वाजता दाखवायचे होते. मावशी सोबतीला निघाल्या, पण पोचल्या साडेबाराला. केसपेपरची खिडकी बंद झाली होती. भाडे गेले, दिवसही गेला.

आम्ही एक दोरा घेतला. नकाशावर १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर १० किलोमीटर. दोरा नांदेडहून लातूरला सरळ ताणला. तो साडेअकरा सेंटिमीटर भरला. म्हणजे सुमारे ११५ किलोमीटर. ही पाखराची वाट. विमानाचीही जवळजवळ हीच.

मग दोरा सडकेवरून वळवत नेला. गोदावरीचा पूल, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर. आता तो १४ सेंटिमीटर झाला. म्हणजे सुमारे १४० किलोमीटर. आगगाडी तर पूर्णा, परभणी, परळी असा वळसा घालते. तिची वाट २०० किलोमीटरांहून जास्त. गावे तीच, पण वाट बदलली की अंतर बदलते.

आता वेळ काढू. रीत सोपी आहे. अंतराला वेगाने भागा. एस.टी. तासाला ४० किलोमीटर गेली, तर १४० भागिले ४०, म्हणजे साडेतीन तास.

समजा, नांदेडहून लातूरला विमान सुटले. त्याचा वेग तासाला ४६० किलोमीटर. ११५ किलोमीटरला पाव तास पुरे! पण चढताना-उतरताना विमान हळू जाते. म्हणून अर्धा तास धरू.

"मग इमानच बरं की!" मावशी म्हणाल्या.

थांबा मावशी, सगळा हिशेब मांडू. घरून विमानतळावर जायला अर्धा तास. तिथे तपासणीसाठी आधी पोचावे लागते, तो दीड तास. उडायला अर्धा तास. उतरून सामान घ्यायला अर्धा तास. शहरात यायला अर्धा तास. झाले साडेतीन तास! एस.टी.लाही तेवढेच लागतात.

मावशी हसल्या. मग गप्प झाल्या. म्हणाल्या, "म्हंजी मी निस्ता यष्टीचाच येळ धरला व्हता."

खरी चूक तीच होती. गाडीचा वेळ म्हणजे प्रवासाचा वेळ नव्हे. मावशींनी पाटी घेतली आणि स्वतः लिहिले :

घर ते स्टँड – अर्धा तास
गाडीची वाट – अर्धा तास
एस.टी. – साडेतीन तास
स्टँड ते दवाखाना – अर्धा तास
एकूण – ५ तास

११ वजा ५ म्हणजे ६. मागल्या खेपेला मावशी साडेसातला निघाल्या होत्या. पुढच्या खेपेला त्या सहाला निघाल्या. खिडकी उघडी होती. नातीचा केसपेपर वेळेत निघाला.

तुम्ही सोडवा :
१. बैलगाडी तासाला ४ किलोमीटर जाते. १४० किलोमीटरला किती तास लागतील?
२. तुमच्या घरापासून तालुक्याच्या दवाखान्यापर्यंतचा सगळा वेळ वरच्यासारखा मांडा.