पेशीला विचारत जा

प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशी वाढवून त्यांतले मायक्रोआरएनए मोजणे हे माझे काम. त्यातून पक्क्या झालेल्या गोष्टी नव्याने येणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

१. लांबीवर जाऊ नका. मायक्रोआरएनए जेमतेम २२ न्यूक्लिओटाइडचा. त्यातून प्रथिन बनत नाही, पण जुळणारा एमआरएनए गाठून तो त्यापासून प्रथिन बनणे रोखतो. १९९३ मध्ये व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुवकुन यांनी एका कृमीत हे दाखवले, तेव्हा फारशी दखल घेतली गेली नाही. त्याच कामाला २०२४ चे नोबेल मिळाले.

२. काय गळाले तेही शोधा. कर्करोग म्हटला की आपण वाढलेले काहीतरी शोधतो. पण मिर-१५ए आणि मिर-१६ हे मायक्रोआरएनए घटले, की पेशीला मरणापासून वाचवणारे बीसीएल-२ आणि विभाजनाला रेटणारे सायक्लिन डी१ मोकाट सुटतात. मिर-१०१ गेला, की ईझेडएच२ हे प्रथिन वाढते आणि गाठ आक्रमक होते.

३. वाढ वेगळी, प्रसार वेगळा. थाळीत पेशी कमी झाल्या म्हणून प्रसार थांबला असे समजू नका. मिर-२०० कुटुंब झेब१ या प्रथिनाला दाबून ठेवते, म्हणून ई-कॅडहेरिन हे प्रथिन टिकते आणि पेशी एकमेकींना धरून राहतात. हे मायक्रोआरएनए घटले, की त्या सुटून सरकू लागतात. दोन्हींच्या चाचण्या स्वतंत्र करा.

४. पेशींचे मूळ जाणून घ्या. प्रोस्टेट कर्करोगाच्या एलएनकॅप पेशी लसिकाग्रंथीतून आल्या, पीसी-३ हाडातून. एलएनकॅप अँड्रोजेनला प्रतिसाद देतात, पीसी-३ त्याविना वाढतात. पीसी-३ मध्ये कामाचे पी५३ नाही आणि मिर-३४ए ला चालना देणारे प्रथिन तेच. एकाच प्रकारच्या पेशींवरून निष्कर्ष काढायची घाई म्हणूनच नको.

५. निरोगी पेशी विसरू नका. २०११ मध्ये मिर-३४ए देऊन उंदरांमधला प्रोस्टेट कर्करोगाचा प्रसार रोखता आला. मिर-३४ए सीडी४४ या प्रथिनाला दाबतो. मात्र मिर-३४ वर आधारलेल्या औषधाची वेगवेगळ्या कर्करोगांच्या रुग्णांवरची पहिली चाचणी २०१६ मध्ये रोगप्रतिकारक यंत्रणेच्या गंभीर दुष्परिणामांमुळे थांबवावी लागली. एक मायक्रोआरएनए कितीतरी जनुकांना आवरतो. गाठीत हवा तो परिणाम साधताना बाकीच्या शरीरात काय होईल, हे पहिल्या प्रयोगापासून तपासा. रुग्ण औषध घेतो तो या तपासणीच्याच भरवशावर.