निवासी न्यूरोसर्जनची सक्षमता : मूल्यमापनाचा प्रश्न

मेंदू व मज्जारज्जूवर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरचे कौशल्य पारखून घेणे रुग्णाला शक्य नसते. एखादी वस्तू वापरून पाहावी आणि पुढच्या वेळी दुसरी निवडावी, अशी सोय येथे नाही. शस्त्रक्रिया बहुधा आयुष्यात एकदाच होते. अर्थतज्ज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ साली लिहिलेल्या निबंधात वैद्यकीय सेवेतील अनिश्चितता आणि डॉक्टर व रुग्ण यांच्याकडील माहितीची विषमता यांची मांडणी केली. परवाना व पदवी यांसारख्या संस्थांचा अर्थ त्यातूनच उलगडतो. रुग्णाला जे तपासता येत नाही, ते त्याच्या वतीने तपासल्याची हमी पदवी देत असते. ही हमी कितपत भरवशाची आहे, हे प्रशिक्षणकाळातील मूल्यमापनावर ठरते.

भारतात या शाखेचा पहिला विभाग डॉ. जेकब चँडी यांनी १९४९ साली वेल्लोर येथे सुरू केला. पुढच्याच वर्षी डॉ. बी. राममूर्ती यांनी मद्रासमध्ये काम आरंभले आणि १९५१ साली न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. आज सामान्य शल्यचिकित्सेतील एम. एस. पदवीनंतर तीन वर्षांचा एम. सीएच. अभ्यासक्रम अथवा राष्ट्रीय परीक्षा मंडळाचा डीआरएनबी अभ्यासक्रम, हे प्रमुख मार्ग आहेत. एम. सीएच.चे नियमन पूर्वी भारतीय वैद्यक परिषदेकडे होते. २५ सप्टेंबर २०२० पासून ते राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाकडे आले. परीक्षार्थींनी या दोन संस्थांत गल्लत करू नये.

अभ्यासक्रमाच्या अखेरीस लेखी, प्रात्यक्षिक व तोंडी परीक्षा होते. उमेदवार रुग्ण तपासतो, एमआरआय चित्रांचे वाचन करतो, प्रश्नांची उत्तरे देतो. परंतु परीक्षकांसमोर जिवंत रुग्णावर शस्त्रक्रिया करून दाखवणे सहसा या परीक्षेत नसते, आणि नैतिकदृष्ट्या ते इष्टही नाही. जॉर्ज मिलर यांनी १९९० साली वैद्यकीय क्षमतेच्या चार पायऱ्या सांगितल्या : माहीत असणे, कसे करावे हे माहीत असणे, करून दाखवणे आणि प्रत्यक्ष कामात करणे. अंतिम परीक्षा प्रामुख्याने पहिल्या दोन पायऱ्या तपासते. शस्त्रक्रियागृहात हात कसा चालतो, हे सांगू शकणारा पुरावा त्या आधीच्या तीन वर्षांतच विखुरलेला असतो.

तो पुरावा नोंदवण्यासाठी लॉगबुक असते. त्यात शस्त्रक्रियांची संख्या आणि प्रत्येक वेळी निवासी डॉक्टर मुख्य शल्यचिकित्सक होता की साहाय्यक, याची नोंद होते. अडचण संख्येच्याच ठिकाणी आहे. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. सार्वजनिक रुग्णालयातील प्रशिक्षणार्थीच्या वाट्याला त्यामुळे डोक्याच्या दुखापती मोठ्या प्रमाणावर येतात. कवटीला छिद्र पाडून साकळलेले रक्त काढण्यात त्याचा हात लवकर बसतो. मेंदूतील रक्तवाहिनीवरील फुग्याला क्लिप लावण्याची संधी मात्र कमी मिळते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत, फुटलेल्या अशा फुग्यावर रक्तवाहिनीच्या आतून उपचार केल्यास निवडक रुग्णांना अधिक लाभ होतो असे आढळले आणि उघड्या शस्त्रक्रियांचे प्रमाण आणखी घटले. रुग्णांच्या दृष्टीने हे स्वागतार्ह आहे. परंतु ज्या मोजक्या रुग्णांना क्लिपच लावावी लागते, त्यांच्यासाठी सराव असलेला हात कोठून येणार? लॉगबुकातील एकूण बेरीज याबद्दल काहीच सांगत नाही.

येथे अर्थशास्त्रातील आणखी एक सिद्धान्त उपयोगी पडतो. होल्मस्ट्रॉम व मिलग्रॉम यांनी १९९१ साली दाखवून दिले, की एका कामगाराकडे अनेक कामे असतील आणि त्यांतील काहीच मोजली जात असतील, तर त्याचे श्रम मोजल्या जाणाऱ्या कामाकडे वळतात. शस्त्रक्रियांची संख्या हाच निकष ठरला, तर शस्त्रक्रिया करू नये हा योग्य निर्णय, रुग्णाच्या नातेवाइकांशी केलेले स्पष्ट बोलणे किंवा अडचण येताच वरिष्ठांना वेळीच बोलावणे, हे सारे हिशेबाबाहेर राहते. यांपैकी शेवटचा गुण बहुधा सर्वांत मोलाचा असावा.

यावर दोन उपाय विशेष चर्चिले गेले आहेत. नेदरलँड्समधील ओले टेन काटे यांनी २००५ साली मांडलेल्या पद्धतीत प्रशिक्षणार्थीला गुण न देता, अमुक एक काम त्याच्यावर किती देखरेखीखाली सोपवता येईल, असे विचारले जाते : त्याने केवळ पाहावे, शिक्षक शेजारी असताना करावे, शिक्षक हाकेच्या अंतरावर असताना करावे, स्वतंत्रपणे करावे की इतरांना शिकवावे. शंभरपैकी बासष्ट गुण आणि त्रेसष्ट गुण यांतील फरक कोणालाच सांगता येत नाही. मध्यरात्री घरून निघावे लागेल की फोनवर भागेल, हे मात्र प्रत्येक शिक्षक जाणून असतो. अमेरिकेत २०१३ साली ज्या सात शाखांत टप्प्याटप्प्यांच्या मूल्यमापनाची सुरुवात झाली, त्यांत न्यूरोसर्जरी होती. तेथे एक समिती दर सहा महिन्यांनी पाच पातळ्यांवर प्रगती ठरवते. चौथी पातळी हे उद्दिष्ट आहे. ती न गाठल्यास पदवी आपोआप रोखली जात नाही.

ही शेवटची तरतूद वरवर ढिली वाटते, परंतु तिच्यामागे विचार आहे. भारतातील परिस्थितीत तो अधिकच लागू पडतो. निवासी डॉक्टरचे मूल्यमापन करणारा शिक्षक त्याच्याच श्रमावर विभाग चालवत असतो. वाईट शेरा दिल्यास विद्यार्थ्याचे वर्ष जाणार असेल, तर तो शेरा बहुधा लिहिलाच जात नाही आणि सर्वांच्या नावापुढे ‘समाधानकारक’ हा एकच शब्द येतो. आकारिक मूल्यमापन उत्तीर्ण-अनुत्तीर्णतेपासून वेगळे ठेवले, तरच प्रामाणिक शेऱ्याची किंमत शिक्षकाला परवडते.

नवशिक्या हाताची किंमत कोण देतो, हा वितरणाचा प्रश्नही येथे दडलेला आहे. खासगी रुग्णालयात पैसे मोजणारा रुग्ण अनुभवी शल्यचिकित्सकाची मागणी करू शकतो. सार्वजनिक रुग्णालयातील गरीब रुग्णाला तशी निवड नसते. शिकण्याचा भार त्याच्यावर पडतो आणि तयार झालेल्या तज्ज्ञाची सेवा पुढे अनेकदा दुसऱ्यांनाच मिळते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील न्यूरोसर्जरी कौशल्य प्रशिक्षण केंद्रासारख्या सोयींचे महत्त्व म्हणूनच मोठे आहे. सूक्ष्मदर्शकाखाली टाके घालण्याचे पहिले प्रयत्न, आणि पहिल्या चुकाही, तेथे प्रतिकृतींवर होतात. मात्र प्रयोगशाळेत करून दाखवणे ही मिलरची तिसरीच पायरी आहे. चौथीसाठी शिक्षकाला शस्त्रक्रियागृहात थांबावे लागते. वैद्यकीय महाविद्यालयांतील शिक्षकांची पदे खाटा व विद्यार्थिसंख्येवरून मंजूर होतात, आणि कनिष्ठाचे काम निरखून त्याच्याशी बोलण्यात गेलेला अर्धा तास त्या हिशेबात कोठेही धरला जात नाही. सक्षमताधारित प्रशिक्षणाचा खर्च मोजायचा झाल्यास त्याची सुरुवात या अर्ध्या तासापासून करावी लागेल.