नफा दिसतो, पैसा आला का?

प्रश्न : नुकतंच डीमॅट खातं उघडलं. एका कंपनीचा निव्वळ नफा दोन वर्षांत दुप्पट झालाय, म्हणून शेअर घ्यावासा वाटतो. पण वार्षिक अहवाल तीनशे पानांचा! कॉमर्स शिकलेली नसल्यानं धास्ती वाटते. नफा वाढतोय, एवढं पुरेसं नाही का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, धास्ती सोडा, सगळी पानं वाचायची नसतात. मात्र नुसता नफा पुरेसा नाही. माल उधारीवर गेला तरी विक्री हिशेबात धरली जाते आणि नफा दिसतो. पैसे हातात आलेले असतीलच असं नाही.

म्हणून कॅश फ्लो स्टेटमेंट उघडा आणि व्यवसायातून आलेली रोख किती, ते पाहा. समजा नफा १०० कोटी आणि ही रोख २० कोटी, तर ताळेबंदातली ‘ट्रेड रिसीव्हेबल्स’, म्हणजे ग्राहकांकडची येणी तपासा. ती विक्रीपेक्षा वेगानं वाढत असतील तर थांबा. एका वर्षावरून मात्र मत बनवू नका. पाच वर्षांचे आकडे शेजारी मांडा. बँकांना आणि विमा कंपन्यांना ही कसोटी लावू नका, त्यांचा हिशेब वेगळा असतो.

ऑडिटरचा अहवाल जरूर वाचा. तरीही २००९ मध्ये उघड झालेल्या सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रकरणात ऑडिट होऊनही बँकेतली शिल्लकच फुगवलेली निघाली होती, त्यामुळे सगळी बचत एकाच शेअरमध्ये घालू नका.

अहवाल बीएसई, एनएसईच्या संकेतस्थळांवर मोफत मिळतात. अडलं तर सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराला विचारा, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या टिपांवर खरेदी करू नका.