तबकडीवरचे गाणे कसे ऐकावे?

संगीताच्या इतिहासावरील पुस्तके आपल्याला घराण्यांची, गुरूंची आणि बंदिशींची पुष्कळ माहिती देतात. परंतु जे जुने गाणे आपण आज कानांनी ऐकू शकतो, ते ज्या वस्तूमुळे ऐकू शकतो त्या वस्तूविषयी ती क्वचितच बोलतात. ती वस्तू म्हणजे ध्वनिमुद्रिका. बोलण्यातली रेकॉर्ड किंवा तबकडी. आज मोबाइलवर बोट ठेवताच शंभर वर्षांपूर्वीचा एखादा आवाज ऐकू येतो, तोही बहुधा अशाच एखाद्या तबकडीवरून उतरवून घेतलेला असतो. तेव्हा ही तबकडी कशी तयार होत होती, तिच्यात काय मावत होते आणि काय मावत नव्हते, हे ठाऊक नसेल तर त्या आवाजाविषयी आपण जी मते देतो ती कितपत खरी मानावीत, असा प्रश्न उभा राहतो. प्रस्तुत लेखात मुख्यतः हिंदुस्थानी संगीताच्या ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकांचा विचार केला आहे.

एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ बनवला तेव्हा आवाज नळकांड्यावर कोरला जात होता. बर्लिनर याने दहा वर्षांनी सपाट चकती आणली, आणि एका साच्यावरून हजारो प्रती काढण्याची सोय झाली. यंत्राचा हा इतिहास शाळेच्या पुस्तकातही असतो. त्यापेक्षा मला अधिक लक्षात घेण्याजोगी वाटते ती तबकडी ज्या पदार्थाची केली जाई ती गोष्ट. जुनी काळी तबकडी लाखेची असे. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर किडे जी लाख तयार करतात, जिच्या बांगड्या आपल्याकडे घालतात, तीच ही लाख. तिचा मोठा पुरवठा जगाला हिंदुस्थानातून, विशेषतः छोटा नागपूरच्या जंगली मुलखातून होत असे. म्हणजे लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या दिवाणखान्यात जे गाणे वाजत होते, त्यात आमच्याकडच्या आदिवासींनी फांद्यांवरून खरवडलेली लाख होती! या लाखेत खनिजांची बारीक भुकटी आणि काजळी मिसळत. भुकटी मुद्दामच खरबरीत ठेवीत, कारण पोलादी सुईचे टोक खाचेच्या आकाराला येईपर्यंत झिजले पाहिजे. म्हणूनच एक बाजू वाजवली की सुई बदलायची, हा नियम होता. जुन्या रेकॉर्डची जी खरखर आपण 'खराब झाली' म्हणून नाक मुरडून ऐकतो, तिच्यातला बराचसा भाग या भुकटीचा आहे. तो तबकडी नवी असतानाही होताच.

हिंदुस्थानात व्यापारी ध्वनिमुद्रणास कलकत्त्यात नोव्हेंबर १९०२ मध्ये आरंभ झाला. ग्रामोफोन कंपनीचा गायस्बर्ग हा तज्ज्ञ सामान घेऊन आला होता. त्या वेळी गायलेल्या गौहर जान यांच्या मुद्रिकांच्या शेवटी त्या इंग्रजीत स्वतःचे नाव सांगतात, हे अनेकांनी ऐकले असेल. त्यात ऐट आहे, पण व्यवहारही आहे. मुद्रित झालेले साचे जहाजाने जर्मनीतील हॅनोव्हरला जात आणि तेथे तबकड्या छापल्या जात. तेथील कामगाराला कोणाचे गाणे कोणत्या लेबलाखाली घालायचे हे कळण्यासाठी ही घोषणा उपयोगी पडे. १९०८ मध्ये कलकत्त्याला सियालदह येथे कारखाना निघाला, आणि मग तबकडी येथेच तयार होऊ लागली.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटांच्या थोडे पुढे एवढीच जागा, आणि बारा इंचीला चार मिनिटांहून थोडी अधिक. ज्या गायनात नुसता षड्ज लावून आसन जमवायला पाच मिनिटे लागतात, त्या गायनाला ही जागा दिली गेली! सामान्यतः असे म्हटले जाते की त्यामुळे कलावंताची गळचेपी झाली आणि जे उरले तो केवळ नमुना आहे. हे मत मला अर्धेच पटते. विलंबित ख्यालाला तेथे वाव नव्हता हे उघडच आहे. परंतु अब्दुल करीम खाँसाहेबांची (१८७२–१९३७) झिंझोटीतील ठुमरीची मुद्रिका ऐकावी. तिच्यात घाई नाही. सुरुवातीच्या एकदोन स्वरांतच वातावरण तयार होते, पुनरुक्ती जवळजवळ नाही, आणि शेवट ओढून आणल्यासारखा वाटत नाही. मैफलीत जो विस्तार वाट पाहत, माघारी येत केला जातो, तो येथे नाही. त्याच्या जागी निवड आहे. काय सांगायचे नाही हे गायकाने आधीच ठरवलेले असते. मराठीत कादंबरी व लघुकथा यांची आपण एकाच गजाने मोजणी करीत नाही. मग साडेतीन मिनिटांच्या रागाला मैफलीच्या गजाने का मोजावे?

नाट्यपदांची गोष्ट याहून वेगळी. बालगंधर्वांचे (१८८८–१९६७) पद रंगभूमीवर 'वन्स मोअर' घेत घेत लांबत जाई, हे जुन्या मंडळींच्या आठवणींत सर्वत्र आढळते. तबकडीत टाळी नाही, समोर प्रेक्षक नाही आणि पुन्हा म्हणण्याची सोय नाही. तरीही महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात ही पदे पोचली ती या आखूड रूपातच. ज्यांनी नाटक कधी पाहिले नाही त्यांना पद तेवढेच लांब असते असे वाटू लागले, आणि नवशिके गायक ते तेवढेच म्हणू लागले. तबकडी गाणे टिपून ठेवते तशीच ती गाण्याला वळणही लावते, याचे हे आपल्या घरातले उदाहरण होय.

दुसरी मर्यादा कर्ण्याची. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण आले. तोपर्यंत मायक्रोफोन नव्हता. गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे, आणि त्या आवाजाच्या जोरावर सुई मेणाच्या थराळ चकतीवर खाच कोरीत जाणार. तार सप्तकात जाताना डोके मागे न्यावे लागे, नाही तर सुई उडण्याची भीती. तंबोऱ्याचा नाद अशा मुद्रणात कसा यावा? तो जवळजवळ येतच नाही. खर्जाचा भरीवपणा आणि फार वरचे बारीक नाद दोन्ही गळून जातात. जोहराबाई आग्रेवाली (१८६८–१९१३) यांचा आवाज आपल्याला खडा, जोरकस आणि काहीसा पुरुषी वाटतो. तो तसा होताच, असे जाणकार सांगतात. पण त्यात कर्ण्याचा वाटा किती आणि बाईंचा किती, हा प्रश्न ऐकताना मनात ठेवलेला बरा. कुजबुजल्यासारखे हळुवार गाणे त्या काळी कोणी गातच नव्हते असा निष्कर्ष काढणे तर साफ चुकीचे ठरेल, कारण तसे गाणे कर्ण्याला ऐकूच येत नव्हते.

तिसरी गोष्ट वेगाची, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. '७८ फेऱ्या' हे प्रमाण पुढे स्थिर झाले. आरंभीच्या काळात चकती मुद्रणाच्या वेळी मिनिटाला सत्तरच्या थोडी पुढे फिरली की ऐंशीच्या जवळ, हे त्या त्या दिवशीच्या यंत्रावर अवलंबून असे. समजा ७४ फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी आपण ७८ वर लावली. तीन मिनिटे दहा सेकंदांचे गाणे तीन मिनिटांत संपेल, लय चढेल, आणि सूरही जवळजवळ एका पट्टीने वर सरकेल. काळी एकमध्ये गाणारा गायक आपल्याला पांढरी दोनमध्ये ऐकू येईल. तान अधिक चपळ वाटेल, आवाज अधिक कोवळा वाटेल. मग आपण लिहिणार, 'काय हा विलक्षण चपळ गळा!' आमच्या संगीत विभागात वेग कमीजास्त करता येणारे एक यंत्र आहे. त्यावर एकच मुद्रिका दोन वेगांनी लावून मित्रांना ऐकवली, तर दोघांनी ती दोन निराळ्या गायिकांची म्हणून सांगितली. मोबाइलवर जी जुनी गाणी फिरत असतात त्यांतली किती योग्य वेगाने उतरवली आहेत, हे ऐकणाऱ्याने तपासूनच पाहावे. हार्मोनियम जवळ ठेवणे हा एक साधा उपाय आहे. एखाद्या गायकाची नेहमीची पट्टी माहीत असेल तर तिच्याशी ताडून पाहता येते.

येथवर तबकडीत काय येऊ शकले याचा विचार झाला. कोण आले आणि कोण आले नाही, हाही विचार तितकाच महत्त्वाचा आहे. आरंभी अनेक मोठ्या उस्तादांनी या यंत्राकडे पाठ फिरवली. विद्या कोणाही ऐऱ्यागैऱ्याच्या हाती जाईल, आवाज यंत्र ओढून घेईल, अशा नाना शंका होत्या. त्या वेळी कर्ण्यासमोर धीटपणे उभ्या राहिल्या त्या बहुतांशी गाणाऱ्या बाया : ज्यांच्या घरी गाणे ऐकायला जाणे प्रतिष्ठितांना चालत होते, पण ज्यांना आपल्या घरात मानाने बसवणे चालत नव्हते. पुढे काही मुद्रिकांवर नावापुढे 'अमॅच्युअर' असा शब्द छापण्याची रीत पडली. हे गाणारे माणूस पोटासाठी गाणारे नव्हे, असे त्यातून गिऱ्हाइकाला सांगायचे असे. लेबलावरचा एवढासा शब्द त्या काळच्या समाजाविषयी पुष्कळ बोलून जातो.

याची दुसरी बाजूही आहे. जयपूर घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब १९४६ पर्यंत हयात होते, म्हणजे तबकडीचे युग ऐन भरात असताना. तरी त्यांच्या गाण्याची एकही मुद्रिका नाही. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले, त्यांचीही नाही. अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांनाही ध्वनिमुद्रणाचा फारसा सोस नव्हता, पण त्यांनी काही मुद्रिका दिल्या. त्यांतली भैरवीची साधारण साडेतीन मिनिटांची मुद्रिका १९७७ साली अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांवरील तबकडीसाठी निवडली गेली. सोन्याचा मुलामा दिलेली ती तांब्याची चकती ऑगस्ट व सप्टेंबर १९७७ मध्ये दोन्ही यानांबरोबर अवकाशात गेली, आणि त्याच सप्टेंबरच्या १६ तारखेला केसरबाई वारल्या. गोव्यातील केरी गावच्या बाईंचा आवाज सूर्यमालेपलीकडे गेला, आणि त्यांना ज्यांनी घडवले त्या गुरूचा आवाज कोल्हापूरलाही मिळत नाही.

मैफलीला आमंत्रण लागे. ते कोणाला जात होते हे सर्वांना ठाऊक आहे. आमच्या घरात कोणी मैफलीला गेल्याचे ऐकिवात नाही. पण आजोबांना बालगंधर्वांची पदे येतात, कारण लग्नाच्या मांडवात भाड्याने आणलेल्या कर्ण्यावर ती लागत आणि गावच्या चहाच्या हॉटेलातही लागत. तबकडीला जात विचारता येत नव्हती, एवढे तरी तिच्याविषयी निश्चित म्हणता येईल. भीमसेन जोशी (जन्म १९२२) यांनी लहानपणी अब्दुल करीम खाँसाहेबांची ती झिंझोटीची मुद्रिका ऐकली आणि त्या सुरांचा ध्यास घेतला, हे त्यांनीच सांगितले आहे. १९३३ मध्ये गुरूच्या शोधात त्यांनी गदगचे घर सोडले, आणि शेवटी खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे ते कुंदगोळला राहिले. तीन मिनिटांच्या तुकड्यातून एवढे घडू शकते.

१९४८ साली अमेरिकेत दीर्घ ध्वनिमुद्रिका, म्हणजे एल. पी. आली. तिचे फेरे ३३⅓, पदार्थ लाखेऐवजी व्हिनाइल, खाच बारीक आणि एका बाजूला वीस मिनिटांच्या आसपास जागा. अमीर खाँसाहेबांचा मारवा एका बाजूला आणि दरबारी दुसऱ्या बाजूला, अशी एल. पी. निघू शकली ती यामुळेच. पुढे कॅसेट आली, सी. डी. आली, आणि १९९० च्या दशकात आपल्याकडे एल. पी. निघणे जवळजवळ थांबले. अलीकडे ती पुन्हा निघू लागली आहे, पण तिची किंमत विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारी नाही. जुन्या तबकड्या मात्र मुंबईच्या चोरबाजारात आणि गावोगावच्या भंगारवाल्यांकडे अजून सापडतात. मुंबईत १९९० साली संग्राहकांनी आपली एक संस्थाही काढली. विद्यापीठांनी करावयाचे सूचीचे काम अशा हौशी मंडळींनी कितीतरी केले आहे.

संग्रह करणाऱ्याने काही गोष्टी पाळाव्यात. तबकडी उभी ठेवावी. आडव्या थप्पीत खालची तडकते किंवा वाकते. लाखेची तबकडी पडली की फुटते, व्हिनाइलची उन्हात वाकडी होते. लाखेच्या तबकडीला स्पिरिट कधीही लावू नये, कारण लाख त्यात विरघळते. तिच्यासाठी जाड सुई आणि एल. पी.साठी बारीक, त्यांची अदलाबदल केली तर खाच कायमची जाते. लेबलावरचे रागाचे नाव खरे मानण्यापूर्वी गाणे ऐकावे, आणि लेबलाजवळच्या गुळगुळीत भागात कोरलेला क्रमांक अवश्य उतरवून घ्यावा. लेबल फाटले तरी तो राहतो, आणि मुद्रण केव्हाचे हे शोधण्यास तोच उपयोगी पडतो.

आपल्या महाविद्यालयाच्या संगीत विभागातील कपाटात सुमारे शंभर तबकड्या आहेत. त्या आडव्या रचलेल्या आहेत आणि त्यांची यादी नाही. पावसाळ्यापूर्वी त्या उभ्या करून कोरड्या जागी हलवाव्यात, अशी विनंती विभागाकडे केली आहे. शनिवारी दुपारी दोघेतिघे बसून आम्ही नोंदी करीत आहोत. आतापर्यंत ४१ झाल्या. त्यांपैकी दोन तडकलेल्या आहेत, आणि सहांची लेबले गेलेली असल्यामुळे त्यांवर कोण गात आहे ते अद्याप ओळखता आलेले नाही. ज्यांना जुने आवाज ओळखता येतात अशा प्राध्यापकांनी एखाद्या शनिवारी यावे.